पोत्यात धान्य किती?

मित्रहो, तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेती आहे त्यांनी ही तक्रार नक्कीच ऐकली असेल. मळणी झाल्यावर सोयाबीन घरच्या काट्यावर तोलले, तेव्हा ते बरोबर १०० किलो भरले. बाजारात नेले, तर ‘माल ओला आहे, वाळवून आणा’ असे उत्तर मिळाले. मग चार दिवस ते उन्हात पसरले, वरखाली केले, पुन्हा भरले आणि पुन्हा नेले. आता काट्यावर वजन आले साडेशहाण्णव किलो! एक दाणा सांडला नाही, चिमण्यांनाही कोणी फिरकू दिले नाही. मग साडेतीन किलो माल गेला कुठे? खोट काट्यात आहे की मापाड्याच्या मनात?

कधी कधी खोट असतेही. पण तसा आरोप करण्यापूर्वी आपल्याला हिशेब करता आला पाहिजे. पोत्यात धान्य किती, हा प्रश्न दिसतो तितका सरळ नाही. हाच प्रश्न पुढे गोदामातल्या साठ्याबद्दल विचारावा लागतो, आगगाडीने निघालेल्या मालाबद्दल विचारावा लागतो आणि शेवटी सगळ्या देशाच्या पिकाबद्दलही विचारावा लागतो. दर वेळी मोजणीत चूक झाली की तिची किंमत कोणाला तरी भरावी लागते, आणि तो ‘कोणी तरी’ बहुतेक वेळा शेतकरीच असतो. म्हणून या मोजणीमागचे विज्ञान आज आपण पाहू.

पाण्याचे वजन

धान्याचा दाणा कितीही कोरडा वाटला तरी त्यात पाणी असतेच. ओलावा १५ टक्के आहे, याचा अर्थ १०० किलो मालात १५ किलो पाणी आणि ८५ किलो शुष्क पदार्थ आहे. वाळवताना पाणी उडून जाते, शुष्क पदार्थ तेवढाच राहतो. आपल्या हिशेबाची किल्ली हीच.

आता हा माल १२ टक्के ओलाव्यापर्यंत वाळवला, तर किती भरेल? बरेच जण चटकन सांगतील : १५ वजा १२ म्हणजे ३, म्हणून ९७ किलो. हे उत्तर चूक आहे. वाळवल्यानंतर ८५ किलो शुष्क पदार्थ हा एकूण वजनाच्या ८८ टक्के असणार. म्हणजे एकूण वजन ८५ × १०० ÷ ८८ = ९६.५९ किलो. घट ३ किलोची नाही, ३.४१ किलोची. पाणी उडाले की ज्या वजनाचे टक्के काढायचे ते वजनच कमी होते, म्हणून हा फरक पडतो. सूत्र असे मांडता येईल :

नवे वजन = जुने वजन × (१०० − जुना ओलावा) ÷ (१०० − नवा ओलावा)

तेव्हा सुरुवातीच्या गोष्टीतला काटा खरे बोलत होता. साडेतीन किलो सोयाबीन कोणी चोरले नाही. तेवढे पाणी सूर्याने नेले.

पण पैशाचा प्रश्न उरतोच. २०२४-२५ च्या खरीप हंगामात सोयाबीनची आधारभूत किंमत क्विंटलला ४,८९२ रुपये होती. त्या दराने ३.४१ किलोचे सुमारे १६७ रुपये होतात. खरेदीसाठी ओलाव्याची मर्यादा नेहमीप्रमाणे १२ टक्के होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये केंद्र सरकारने त्या हंगामापुरती ती १५ टक्क्यांपर्यंत सैल केली. या दोन आकड्यांवरून शेतकरी इतके का भांडतात, ते आता तुमच्या लक्षात येईल. दर किलोवर ठरत असेल, तर वाळवण्याचे कष्ट करणाऱ्याच्या हातात कमी रुपये पडतात. उलट बाजूही पाहा. माल १५ टक्के ओला आहे असे म्हणून एखाद्याने क्विंटलमागे सरसकट ५ किलो कडता धरला, तर खऱ्या घटीपेक्षा तो १.५९ किलोने जास्त होतो, म्हणजे सुमारे ७८ रुपयांनी. सूत्र ठाऊक असेल तर हे जागच्या जागी दाखवून देता येते.

ओलावा मोजण्याचे यंत्र दाण्यांतले पाणी प्रत्यक्ष पाहत नाही. दोन पट्टिकांमध्ये धान्य ठेवून त्याची विद्युत्‌धारिता ते मोजते. पाण्याचा पराविद्युत स्थिरांक सुमारे ८० असतो आणि कोरड्या धान्याचा त्याच्या मानाने फारच थोडा. त्यामुळे पाणी जरा वाढले तरी धारिता लगेच बदलते. पण ती तापमानाने बदलते, दाणे किती दाबून भरले आहेत त्यानेही बदलते, आणि प्रत्येक पिकासाठी वेगळी असते. म्हणून यंत्र त्या पिकासाठी जुळवून घेतलेले आहे ना, आणि नमुना फक्त पोत्याच्या तोंडाशी न घेता मधून व तळातूनही घेतला ना, हे दोन प्रश्न विचारण्याचा विक्रेत्याला हक्क आहे.

धान्य श्वास घेते

ओलाव्याबद्दल खरेदीदार इतका काटेकोर का असतो? कारण दाणा जिवंत आहे. पेरला की उगवतो, यावरूनच ते दिसते. जिवंत आहे म्हणून तो श्वसनही करतो. पिष्टापासून साखर होते, साखरेचे ऑक्सिजनशी संयोग होऊन कार्बन डायऑक्साइड व पाणी बनते आणि उष्णता बाहेर पडते. १८० ग्रॅम ग्लुकोजपासून २६४ ग्रॅम कार्बन डायऑक्साइड, १०८ ग्रॅम पाणी आणि सुमारे २,८०० किलोजूल उष्णता मिळते.

एका क्विंटलातले केवळ १ किलो अशा रीतीने जळाले असे समजा. त्यातून सुमारे ६०० ग्रॅम पाणी आणि साधारण १५,६०० किलोजूल उष्णता निर्माण होईल. धान्याची विशिष्ट उष्णता दर किलोला दर अंशाला सुमारे १.८ किलोजूल धरली आणि ही सगळी उष्णता आतच राहिली, तर पोत्याचे तापमान ८५ अंशांहून जास्त वाढेल! अर्थात ती सगळी आत राहत नाही. पण धान्य उष्णतेचे मंद वाहक आहे, जवळजवळ लाकडासारखे. मोठ्या थप्पीच्या मधोमध निर्माण झालेली उष्णता बाहेर यायला फार वेळ लागतो.

कोरड्या धान्याचे श्वसन इतके मंद असते की ते लक्षातही येत नाही. ओलावा वाढला, दाण्यांमधल्या हवेची सापेक्ष आर्द्रता ६५ ते ७० टक्क्यांच्या वर गेली, की बुरशी वाढू लागते. बुरशीच्या श्वसनातून पाणी व उष्णता मिळते. त्या पाण्याने व उष्णतेने बुरशी आणखी जोमाने वाढते. हे चक्र एकदा सुरू झाले की आपणहून थांबत नाही. आपल्या घरातली वडीलधारी माणसे पोत्यात कोपरापर्यंत हात घालून पाहतात, ते याचसाठी. आत ऊब लागली की ती लगेच म्हणतात, ‘पोती उलगडा, ऊन द्या.’

सोयाबीनला गव्हापेक्षा कमी ओलाव्याची मर्यादा का, याचेही उत्तर येथेच आहे. सोयाबीनच्या दाण्यात वजनाच्या १८ ते २० टक्के तेल असते, आणि तेल पाणी धरून ठेवत नाही. त्यामुळे असलेले सगळे पाणी उरलेल्या भागात गोळा होते, आणि १४ टक्क्यांना जेवढा गहू सुरक्षित असतो तेवढे सोयाबीन असत नाही.

पत्र्याच्या कोठीत आणखी एक गंमत घडते. उन्हाळ्यात गरम धान्य भरून ठेवले आणि पुढे थंडी आली की कडेचे धान्य आधी गार होते, मधले गरमच राहते. कडेची थंड हवा जड होऊन खाली सरकते, मधली गरम हवा वर चढते. वर चढताना ती ओलावा घेऊन जाते, आणि वरच्या थंड थराला लागताच तो ओलावा तेथे सोडते. परिणामी कोरडेच भरलेले धान्य वरच्या चार बोटांत कुजते, आणि आपण छपराला दोष देतो! धान्य थंड करून भरावे, कोठी सावलीत ठेवावी आणि अधूनमधून वरचा थर हलवावा, यामागे हे संवहन आहे.

आपल्या पूर्वजांनी दख्खनच्या पठारावर ज्वारीसाठी पेवे खणली, त्यांतही असेच विज्ञान होते. जमिनीत काही मीटर खाली तापमान वर्षभर जवळजवळ सारखे राहते. तोंड लिंपून बंद केले की धान्य व त्यातले किडे आतला ऑक्सिजन संपवतात आणि कार्बन डायऑक्साइड साठतो. ऑक्सिजन संपला की किडे मरतात. आज मिळणाऱ्या हवाबंद प्लॅस्टिकच्या पिशव्यांचेही तत्त्व हेच. पण एक लक्षात ठेवा. कार्बन डायऑक्साइड हवेच्या दीडपट जड असतो आणि पेव उघडल्यावरही तळाशी रेंगाळतो. पेवात घाईने उतरलेली माणसे गुदमरून दगावलेली आहेत. म्हणूनच आधी कंदील सोडून तो विझतो का, हे पाहण्याची चाल होती. तुम्ही मात्र कंदील घेऊनही अशा जागी कधीही उतरू नका.

गोदामाची वही आणि आगगाडी

आता मोठ्या साठ्याकडे वळू. उत्तर भारतात गव्हाची खरेदी एप्रिल-मे महिन्यांत, कडक उन्हात होते. समजा गव्हाचा ओलावा तेव्हा ९ टक्के होता. पावसाळ्यात तो हवेतले पाणी शोषून ११ टक्क्यांवर गेला. आपले सूत्र वापरा : १०० × ९१ ÷ ८९ = १०२.२५ किलो. एक दाणाही न वाढता क्विंटलमागे सव्वादोन किलो वजन वाढले!

मग पावसाळ्यानंतर गोदामाच्या वहीत ‘आवक १०० किलो, जावक १०० किलो, तूट शून्य’ अशी नोंद दिसली, तर आपण शाबासकी द्यायची का? ११ टक्के ओलाव्याच्या १०० किलोंत शुष्क पदार्थ आहे ८९ किलो. मूळचा होता ९१ किलो. म्हणजे क्विंटलमागे २ किलो खरे अन्न किड्यांनी, उंदरांनी किंवा आणखी कोणी नेले, आणि त्याची जागा पाण्याने भरून काढली. वजनाशेजारी ओलावा लिहिला नसेल तर ही तूट कोणालाच दिसणार नाही.

धान्याची एक पूर्ण मालगाडी सुमारे २,६०० टन माल नेते, म्हणजे ५० किलोंची ५२ हजार पोती. क्विंटलमागे २ किलो या हिशेबाने एका गाडीत ५२ टनांचा, १,०४० पोत्यांचा फरक होतो.

वाहतुकीतली गळती पुन्हा निराळी. शेतातून ट्रॉलीत, ट्रॉलीतून बाजारात, तेथून ट्रक, गोदाम, वाघिण, पुन्हा ट्रक, पुन्हा गोदाम आणि शेवटी रेशनचे दुकान, असे पोते आठ वेळा तरी उचलले जाते. समजा, प्रत्येक उचलीत आकड्याच्या भोकातून किंवा उसवलेल्या शिवणीतून फक्त ०.२ टक्के सांडले. ५० किलोंच्या पोत्यातून हे १०० ग्रॅम, म्हणजे दोन मुठी. उचलणाऱ्या हमालाला ते जाणवणारही नाही. पण आठ उचलींत ते ८०० ग्रॅम होते. दोष कोणा एकाचा नसतो, आणि म्हणून तो कोणीच पत्करत नाही.

उभे पीक कसे तोलायचे?

आतापर्यंत आपण काट्यावर ठेवता येईल अशा धान्याबद्दल बोललो. देशाचे उभे पीक कोणत्या काट्यावर ठेवणार? तरीही ते आगाऊ मोजावे लागते. आयात-निर्यात, साठा, रेल्वेच्या वाघिणी, बाजारभाव हे सारे त्या आकड्यावर ठरते.

हा आकडा चुकला तर काय होते, याचे उदाहरण २०२२ सालचे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत देशातल्या गव्हाचा सरकारी अंदाज ११ कोटी १३ लाख टन होता. मार्च महिना त्या वेळेपर्यंतच्या, १९०१ पासूनच्या नोंदींत सर्वांत उष्ण ठरला. मार्चमध्ये गव्हाचे दाणे भरतात. उष्णतेमुळे तो काळ आखडला आणि दाणे सुरकुतलेले, हलके राहिले. शेतातून चालत जाणाऱ्याला ओंब्या तेवढ्याच दिसत होत्या; कमी झाले होते ते दाण्याचे वजन. मे महिन्यात अंदाज १० कोटी ६४ लाख टनांवर आला. कागदावरचे ४९ लाख टन नाहीसे झाले. आपल्या मालगाडीच्या मापाने सुमारे १,९०० गाड्या! १३ मे २०२२ रोजी गव्हाच्या निर्यातीवर बंदी आली, आणि चांगल्या भावाच्या आशेने माल राखून ठेवलेल्या शेतकऱ्याचा हिशेब एका रात्रीत बदलला.

टक्केवारीत पाहिले तर ही चूक साडेचार टक्क्यांच्या आतच आहे. प्रयोगशाळेत तुम्ही लोलकावरून गुरुत्व त्वरण काढता तेव्हा एवढी चूक सहज होते. पण लोलकाच्या चुकीने कोणाचे वर्षाचे उत्पन्न बदलत नाही.

पिकाचा अंदाज म्हणजे पेरलेले क्षेत्र गुणिले दर हेक्टरी उत्पादन. क्षेत्राची नोंद गावच्या पीकपाहणीतून होते. महाराष्ट्रात २०२१ पासून शेतकरी स्वतः मोबाइलवर ‘ई-पीक पाहणी’ नोंदवू शकतो. हेक्टरी उत्पादनासाठी पीक कापणी प्रयोग करतात. चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणे, यदृच्छेने गाव, शेत व शेतातली जागा निवडतात. बऱ्याच ठिकाणी ५ मीटर बाजूचा चौरस आखून तेवढेच पीक कापतात, मळतात व तोलतात. चौरसाचे क्षेत्रफळ २५ चौरस मीटर, आणि असे ४०० चौरस म्हणजे एक हेक्टर. म्हणून चौरसात ५ किलो दाणे मिळाले तर उत्पादन हेक्टरी २० क्विंटल.

यात एक छुपी चूक शिरते. दोरीवर नेमके उभे असलेले रोप आत धरायचे की बाहेर? माणसाचा हात नकळत ते आत ओढतो. समजा चारही बाजूंनी ५ सेंटिमीटर पट्टी जास्त कापली गेली. मग बाजू झाली ५.१ मीटर, क्षेत्रफळ २६.०१ चौरस मीटर, आणि उत्पादन ४ टक्क्यांनी फुगले. चौरस १ मीटरचा असता, तर बाजू १.१ मीटर, क्षेत्रफळ १.२१ चौरस मीटर, आणि फुगवटा २१ टक्के! चौरस जितका लहान, तितकी क्षेत्रफळाच्या मानाने परिमिती मोठी, आणि कडेची चूक मोठी.

हा केवळ कागदावरचा हिशेब नव्हे. सातारा जिल्ह्यातल्या बुध गावी १९११ साली जन्मलेले संख्याशास्त्रज्ञ पां. वा. सुखात्मे यांनी १९४० नंतरच्या दशकात भारतातल्या प्रत्यक्ष कापण्यांवरून हे दाखवून दिले. त्याच काळात प्रशांतचंद्र महालनोबिस बंगालमध्ये लहान तुकडे कापून पाहण्या करत होते, आणि तुकड्याच्या आकारावरून या दोन मोठ्या माणसांत चांगलाच वाद झाला. वाद महत्त्वाचा होता, कारण १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने एक कटू गोष्ट दाखवली होती : तांदूळ किती आहे याचे आकडेच भरवशाचे नव्हते.

दुसरी चूक नमुन्यांच्या संख्येची. एका गावातल्या शेताशेतांत उत्पादनाचा चढउतार सरासरीच्या ३० टक्के असेल, तर ४ प्रयोगांच्या सरासरीतली अनिश्चिती ३० ÷ √४ = १५ टक्के, आणि १६ प्रयोगांच्या सरासरीतली ३० ÷ √१६ = ७.५ टक्के. चूक निम्मी करायची तर काम चौपट करावे लागते. पीक विम्याची भरपाई अशाच प्रयोगांवरून ठरवली जाते, तेव्हा ‘माझे पीक गेले आणि गावचा आकडा चांगला कसा?’ या शेतकऱ्याच्या प्रश्नात तथ्य असू शकते. प्रयोग थोडे असले की सरासरी बरोबर येणे बरेचसे योगायोगावर सोडलेले असते. शिवाय सरासरी अचूक असली, तरी ती गावाची असते. एकट्या शेताची नव्हे.

करून पाहा

एक : स्वच्छ, कोरडी काचेची बाटली घ्या. तव्यावर तापवून कोरडे केलेले बारीक मीठ गार झाल्यावर त्यात दोन-तीन चमचे टाका आणि एक तृतीयांश बाटली धान्याने भरा. झाकण लावून मिनिटभर हलवा व पाव तास ठेवा. मीठ काचेला चिकटले, तर ओलावा १५ टक्क्यांहून जास्त आहे. सुटे राहिले, तर कमी आहे.

दोन : शाळेच्या मैदानात किंवा शेजारच्या शेतात मालकाच्या परवानगीने दोरीने १ मीटर व ५ मीटर बाजूचे चौरस आखा. आतली रोपे दोन गटांनी वेगवेगळी मोजा, एकमेकांचे आकडे न पाहता. कोणत्या चौरसात दोन गटांचे उत्तर टक्केवारीने जास्त वेगळे येते? भांडण नेमके कोणत्या रोपांवरून होते?

शिक्षकांना एक विनंती. मुलांनी आणलेल्या मोजमापांत उत्तराबरोबर ‘इतके कमी किंवा जास्त असू शकेल’ हा आकडाही लिहून घ्या. आणि मित्रहो, पुढच्या वेळी घरचा माल बाजारात जाईल तेव्हा वही घेऊन बरोबर जा. वजन लिहा, त्याच्या शेजारी ओलावा लिहा, आणि वर दिलेले सूत्र वापरून पाहा. उत्तर जुळले, तर मापाड्यावरचा उगाचचा संशय जाईल. नाही जुळले, तर विचारण्यासाठी तुमच्या हातात आकडा असेल.